थर, मास्क आणि खरेपणा : दोन फोटो एकत्र करताना

आजच्या विषयाची सूचना वाचून एका श्रोत्यांनी लिहून विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने फोटो जोडण्यावर का बोलावं? हे तर संगणकाच्या वर्गात शिकवतात. प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर देतो आणि विषयाला लागतो. दोन फोटो एकत्र करून तिसरा तयार करताना आपण दर पावलाला ठरवत असतो, की काय दाखवायचं, काय झाकायचं आणि काय कायमचं पुसायचं. झाकणं आणि पुसणं यांतला फरक ज्याला कळला त्याला हे तंत्र समजतं, आणि या तंत्राची जबाबदारीही समजते. म्हणून आज आधी तंत्र, मग थोडा इतिहास, आणि शेवटी जबाबदारी अशा क्रमाने जाऊ.

उदाहरणांसाठी मी गिंप हे सॉफ्टवेअर घेणार आहे. बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, १९९६ साली ते लोकांसाठी खुलं झालं, आणि आजही ते फुकट मिळतं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे फोटोशॉप असेल तर मेन्यूतली नावं थोडी वेगळी दिसतील, कल्पना तीच.

थर म्हणजे काय

माझ्या पिढीच्या शिक्षकांना ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवत असेल. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यावरचं भिंतीवर मोठं दिसायचं. भूगोलाचे शिक्षक पहिल्या कागदावर महाराष्ट्राची सीमा काढून आणायचे. दुसऱ्यावर फक्त नद्या. तिसऱ्यावर फक्त रेल्वेमार्ग. तिन्ही एकावर एक ठेवले की पूर्ण नकाशा. आता नद्यांचा कागद उचलून घेतला तर सीमेला काही होतं का? नाही. रेल्वेचा कागद बाजूला सरकवला तर गोदावरी सरकते का? नाही. प्रत्येक कागद स्वतंत्र आहे, एकत्र आहे तो फक्त भिंतीवरचा देखावा.

लेयर, म्हणजे थर, ही हीच कल्पना. पडद्यावर तुम्हाला एक चित्र दिसतं, पण फाइलच्या आत ते अनेक कागदांची चळत असते. उजव्या बाजूच्या लेयर्सच्या चौकटीत ती चळत यादीसारखी दिसते. यादीत वर असलेला थर चित्रातही वर. प्रत्येक थराशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. नवशिक्यांनी पहिली पाच मिनिटं फक्त हे डोळे उघडझाप करण्यात घालवावीत. दिसेनासं होणं आणि नाहीसं होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेच कळतं.

ही कल्पना संगणकाने शोधलेली नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आजोळी भिंतीवर होती. ती शिळाछापाची चित्रं. एका रंगासाठी एक दगड, दुसऱ्या रंगासाठी दुसरा. तोच कागद प्रत्येक दगडावरून जायचा आणि रंगांवर रंग चढत जायचे. दगड केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरायचा. एक चित्र सुटं करून अनेक पातळ्यांवर मांडायचं आणि मग पुन्हा एक करायचं, हा विचार तेव्हापासून आपल्या घरात टांगलेला आहे.

संगणकात त्याला वेळ लागला. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं तेव्हा त्यात लेयर्स नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तोपर्यंत एका फोटोवर दुसरा चिकटवला आणि पुढे काम चालू केलं, की चिकटलाच. नंतर वाटलं अर्धा इंच डावीकडे हवा होता, तर खालचं चित्र त्या जागी उरलेलंच नसे.

वरचं किती, खालचं किती

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीच्या पुढचं नाही.

डिजिटल फोटो म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, लाल, हिरवा आणि निळा अशा तीन संख्या असतात. नेहमीच्या फोटोत त्या ० ते २५५ मध्ये असतात. शून्य म्हणजे त्या रंगाचा प्रकाश अजिबात नाही, २५५ म्हणजे पूर्ण.

एकत्र करायचं तर चौथी संख्या लागते : हा पिक्सेल किती झाकणारा आहे? तिला अल्फा म्हणतात. एडविन कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ही कल्पना मांडली, आणि १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रं एकमेकांवर ठेवण्याचे नियम एका शोधनिबंधात नीट बांधून दिले. आज आपण जे करतो ते त्यांच्याच हिशेबाने चालतं.

तो हिशेब असा. वरच्या थराच्या एका पिक्सेलची संख्या २०० आहे, खालच्याची १००. वरच्या थराची ओपॅसिटी, म्हणजे झाकण्याची ताकद, ६० टक्के ठेवली. मग वरच्याचे ६० टक्के म्हणजे १२०, खालच्याचे उरलेले ४० टक्के म्हणजे ४०. बेरीज १६०. पडद्यावर १६० दिसेल. पण लक्षात घ्या, फाइलमध्ये २०० जागच्या जागी आहे आणि १०० पण. उद्या ओपॅसिटी ३० टक्के केली तर नवा हिशेब मूळ संख्यांवरूनच होईल. १६० हा फक्त देखावा आहे.

थर एकमेकांत मिसळण्याचे आणखीही प्रकार असतात. त्यांतला एक आज लागेल : मल्टिप्लाय. नावाप्रमाणे तो गुणाकार करतो. पांढऱ्याला १ आणि काळ्याला ० मानलं, तर ०.८ आणि ०.५ यांचा गुणाकार ०.४. म्हणजे उत्तर दोघांपेक्षा गडद. पांढऱ्याने गुणलं तर काहीच बदलत नाही. सावली टाकायला हा प्रकार उपयोगी पडतो, कारण खरी सावलीही खालचा रंग झाकत नाही, फक्त कमी उजेडात दाखवते. लाल फरशीवर पडलेली सावली गडद लाल असते, काळी नसते.

मास्क : झाकायचं, पुसायचं नाही

आता आजच्या भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वरच्या फोटोतला फक्त एक चेहरा हवाय, बाकीचा फोटो नकोय. सरळ उपाय काय? खोडरबर घ्या आणि नको ते खोडा. सॉफ्टवेअरमध्ये खोडरबर असतोच. पण खोडलेलं गेलं. तासाभराने वाटलं, कानाजवळचे केस जरा जास्त खोडले, तर ते आणायचे कुठून?

म्हणून मास्क. थराला मास्क जोडला की त्याच्या शेजारी त्याच आकाराचा दुसरा, फक्त काळ्या-पांढऱ्या छटांचा कागद तयार होतो. मास्कमध्ये जिथे पांढरं तिथे थर दिसतो. जिथे काळं तिथे झाकला जातो. जिथे करडं तिथे अर्धवट. तुम्ही ब्रश मास्कवर फिरवता, फोटोला हात लागत नाही.

लग्नातला अंतरपाट आठवा. मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा नवरीला नवरा दिसत नाही, पण तो पाटावर उभा असतोच. अंतरपाट दूर झाला की समोर. मास्क हा अंतरपाट आहे, एवढाच फरक की तो हवा तिथे आणि हवा तितकाच धरता येतो.

पहिला अभ्यास : मिटलेले डोळे

घरातल्या समूहफोटोची कायमची रड. एका फोटोत सगळे छान, पण आईचे डोळे मिटलेले. लगेच काढलेल्या दुसऱ्यात आईचे डोळे उघडे, पण धाकटा पळून गेलेला. हे दोन फोटो एकत्र करू. एकाच जागेवरून, एकाच उजेडात, काही सेकंदांच्या अंतराने काढलेले असल्यामुळे शिकायला हे उत्तम. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर फारच सोपं.

एक. ज्या फोटोत बाकी सगळं चांगलं आहे तो आधी उघडा. हा आपला पाया. मग फाइल मेन्यूतून ‘ओपन अ‍ॅज लेयर्स’ निवडून दुसरा फोटो, म्हणजे आईचे डोळे उघडे असलेला, त्याच चित्रात आणा. यादीत आता दोन ओळी दिसतील.

दोन. वरच्या थराची ओपॅसिटी ५० टक्के करा. दोन्ही फोटो भुतासारखे एकमेकांतून दिसतील. आता हलवण्याच्या अवजाराने वरचा थर असा सरकवा, की न हलणाऱ्या वस्तू तंतोतंत एकावर एक येतील. दाराची चौकट, खिडकीचे गज, भिंतीवरचं घड्याळ. माणसांवरून जुळवू नका, माणसं हलतात. जुळलं की ओपॅसिटी पुन्हा १०० टक्के.

तीन. वरच्या थराला मास्क जोडा आणि विचारल्यावर काळा मास्क निवडा. वरचा फोटो पूर्ण झाकला जाईल, पडद्यावर फक्त पाया दिसेल. दचकू नका, तो जागेवर आहे.

चार. मऊ कडेचा ब्रश घ्या, रंग पांढरा, आणि मास्कवर आईच्या चेहऱ्याच्या जागी फिरवा. उघडे डोळे हळूहळू वर येतील. जास्त फिरवलं गेलं तर रंग काळा करून तेवढं परत झाका. ब्रशची कड किती मऊ ठेवायची? जिथे मूळ फोटोतली कड स्पष्ट आहे, जसा पदराचा काठ, तिथे जरा कडक. जिथे केस आहेत तिथे मऊ.

इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका एकदा अडखळतो. मास्क निवडायचा राहतो, थरच निवडलेला असतो, आणि पांढरा ब्रश मास्कऐवजी त्या लपलेल्या फोटोवरच फिरतो. पडद्यावर काहीच होत नाही, म्हणून माणूस आणखी जोर लावतो. मग मास्क उघडल्यावर दिसतं, की आईच्या चेहऱ्यावर चुना फासलाय. यादीत थराच्या लहान चित्राभोवती चौकट आहे की मास्कच्या, हे ब्रश उचलण्याआधी बघायची सवय लावा.

पाच. शेवटी चारी कडा बघा. फोटो सरकवल्यामुळे कुठे पट्टी उरली असेल तर कापून घ्या. झालं.

दुसरा अभ्यास : दुसऱ्या ठिकाणचा माणूस

आता अवघड काम. फोटो वेगळा, जागा वेगळी, वेळ वेगळी, आणि त्यातल्या माणसाला इथे आणायचंय. आधी तो माणूस त्याच्या फोटोतून मास्कने वेगळा करायचा, हे वर सांगितलं तसंच. पण नुसतं एवढं केलं तर तो ‘चिकटवलेला’ दिसतो. डोळ्याला खटकतं, पण का ते सांगता येत नाही. कारणं बहुधा पुढच्या पाचांपैकीच असतात.

पहिलं, उजेडाची दिशा. नाकाची सावली कोणत्या गालावर आहे ते दोन्ही फोटोंत बघा. एकाची डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे असेल तर दुसरा फोटो शोधा. चित्र आडवं उलटवून दिशा जुळते, पण मग भांग दुसरीकडे जातो, शर्टाचा खिसा उजवीकडे येतो, आणि घरातलं माणूस ते पहिल्या नजरेत ओळखतं.

दुसरं, कॅमेऱ्याची उंची. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा सगळ्या उभ्या माणसांना कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते, माणूस जवळ असो की लांब. कॅमेरा छातीच्या उंचीवर असेल तर क्षितिज सगळ्यांच्या छातीवरून जाणार. नवा माणूस लहानमोठा करताना ही रेषा धरा, म्हणजे तो अचानक बुटका किंवा राक्षस होणार नाही.

तिसरं, उजेडाचा रंग. घरातला पिवळा बल्ब आणि सावलीतला निळसर उजेड एकत्र नांदत नाहीत. रंगसंतुलनाच्या अवजाराने नव्या थराला पायाच्या बाजूला आणा. दोन्ही फोटोंतली एखादी पांढरी वस्तू, टोपी किंवा धोतर, शेजारी ठेवून बघितलं की फरक लगेच कळतो.

चौथं, तपशिलाची धार. जुन्या फोटोत दाणे असतात, नव्या फोनच्या फोटोत चेहरा गुळगुळीत आणि रेखीव असतो. पासपोर्ट आकाराचा फोटो ताणून मोठा केला तर चेहरा पुसट होतो. जी माहिती कागदावर नाही ती ताणून निर्माण होत नाही. अशा वेळी त्याला मागच्या रांगेत, लहान आकारात ठेवणं शहाणपणाचं. आणि आकार बदलण्याआधी त्या थराची एक प्रत करून झाकून ठेवा, कारण लहान केलेला थर पुन्हा मोठा केला तर पहिली धार परत येत नाही.

पाचवं, सावली. पायाशी सावली नसलेला माणूस तरंगतो. पाया आणि माणूस यांच्यामध्ये एक कोरा थर घाला, त्याचा प्रकार मल्टिप्लाय करा, आणि गडद करड्या रंगाने पायाशी घट्ट आणि लांब जाताना फिकी होत जाणारी सावली रंगवा. दिशा शेजारच्या माणसांच्या सावल्यांवरून घ्या.

हे जुनंच आहे

हे ऐकताना कोणाला वाटेल, की संगणकाने फोटो बिघडवला, आमच्या वेळचे फोटो खरे होते. तसं नाही. छायाचित्रणाचा शोध लागून वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा जोडकाम सुरू झालेलं होतं.

सुरुवातीच्या काचांवरच्या रसायनाला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरं पडून जायचं. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी काही चित्रांसाठी आकाशाची निगेटिव्ह वेगळी आणि समुद्राची वेगळी घेतली, आणि एकाच कागदावर दोन्ही छापल्या. बघणाऱ्यांना ढग आणि लाटा एकत्र दिसले, जसे ते किनाऱ्यावर उभ्या माणसाला दिसतात. तुमच्या फोनमधली एचडीआर सोय हेच करते. वेगवेगळ्या उजेडाच्या अनेक चौकटी घेऊन तुम्हाला न विचारता एक फोटो बनवते. म्हणजे ‘मी काही जोडलं नाही, साधा फोटो काढला’ असं म्हणणाऱ्याच्या हातातही बऱ्याचदा जोडलेलाच फोटो असतो.

१८५७ साली ऑस्कर रेयलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे मोठं चित्र केलं. एका बाजूला सदाचार, दुसऱ्या बाजूला चैन. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मरणाच्या दारात टेकलेल्या मुलीचं चित्र केलं. लोक अस्वस्थ झाले, वाद झाले. चित्रकाराने तेच रंगवलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. फोटोकडून लोकांची अपेक्षा वेगळी होती, म्हणून वाद.

आपल्याकडचं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता आणि रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही काम केलं होतं, तेव्हा थर काय असतात हे त्यांना हाताने माहीत होतं. पडद्यावर त्यांनी अशी जोडकामाची जादू भरपूर केली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. आणि बघा, चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके प्रेक्षकांना मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवतात, आणि मग ती कृष्ण म्हणून समोर येते. ही कोण आहे हे आधी सांगून मग जादू. त्यामुळे काही बिघडलं का? लोकांनी कृष्णाला हात जोडायचे ते जोडलेच.

याच्या उलट उदाहरण १९८२ सालचं. फेब्रुवारीच्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. आडवा फोटो उभ्या पानात बसवण्यासाठी संगणकावर दोन पिरॅमिड जवळ सरकवले होते. एवढीच गोष्ट, पण टीका बराच काळ झाली. का? कारण ते मासिक ‘जग असं आहे’ सांगणारं होतं, आणि सरकवल्याचं वाचकाला सांगितलेलं नव्हतं.

धूर कुठे आहे

आता माझ्या विषयाकडे येतो. न्यायशास्त्रात अनुमानाचं जुनं उदाहरण आहे : पर्वतावर अग्नी आहे. नैयायिक विचारतो, कशावरून? धूर दिसतो म्हणून. आणि जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. नुसता निष्कर्ष सांगून भागत नाही, हेतू आणि उदाहरण समोर ठेवावं लागतं, म्हणजे ऐकणाऱ्याला तपासता येतं.

थरांसह जपलेली फाइल अशी हेतूसकट असते. हा चेहरा कुठून आला? या थरातून. किती झाकलं? या मास्कएवढं. सावली खरी की रंगवलेली? रंगवलेली, हा तिचा थर. कोणीही डोळ्याचं चिन्ह दाबून तपासू शकतो. याच चित्राची जेपीजी केली की थर सपाट होतात. मगाचे २०० आणि १०० जातात, १६० तेवढे उरतात. ते कशाचे झाले हे आता कोणालाच सांगता येणार नाही. धूर गेला, अग्नीचं विधान तेवढं उरलं.

जेपीजी वाईट असं मी म्हणत नाही. पाठवायला, छापायला तीच लागते. पण गिंपमध्ये ‘सेव्ह’ केलं की एक्ससीएफ फाइल होते आणि तिच्यात थर टिकतात. जेपीजीसाठी ‘एक्सपोर्ट’ वेगळं करावं लागतं. दोन्ही करा, आणि एक्ससीएफ जपा. आता यंत्राला नुसतं सांगून, ‘या दोघांना एकत्र उभं कर’ म्हणून, चित्र मिळतं. ते सोयीचं आहे. पण तिथे बहुतेक वेळा तयार निष्कर्षच हातात येतो. कोणता भाग तुमच्या फोटोतला आणि कोणता यंत्राने कल्पनेने भरलेला, हे विचारायला थरांची यादी नसते. म्हणून तर हाताने थर लावायला शिकणं आज जास्त गरजेचं वाटतं.

हे सगळं प्रत्यक्षात कुठे येऊन ठेपतं, ते सांगतो. आमच्या इमारतीतल्या एक वहिनी नातवाच्या मुंजीचा फोटो घेऊन आल्या. यजमान मुंजीच्या दोन वर्षं आधी गेले. “भाऊजी, यांना बटूच्या मागे उभं करता येईल का? मुंज बघायची फार इच्छा होती त्यांची.” आता अशा वेळी कोणी सत्यावर व्याख्यान देतं का? पण मनात एक प्रश्न आला. रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने १९८० सालच्या छायाचित्रणावरच्या पुस्तकात म्हटलंय त्याचा मथितार्थ असा, की फोटो बघणाऱ्याला सांगत असतो : हे कॅमेऱ्यासमोर होतं. चाळीस वर्षांनी या बटूची मुलं तो फोटो बघतील. पणजोबा मुंजीला होते, असं समजतील. वहिनींची खरी गोष्ट, की ते नव्हते आणि म्हणूनच त्यांना तिथे आणावंसं वाटलं, ती त्या फोटोने कायमची झाकली जाईल. झाकलीही नाही, पुसली जाईल.

मी त्यांना हेच साध्या शब्दांत सांगितलं. सुचवलं, की मागच्या भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत दाखवू. त्यांना ते पटलं नाही. “तसबीर घरात आहेच की.” मग ठरलं, उभंच करायचं, पण खाली एक ओळ छापायची : आजोबांचे छायाचित्र आधीचे, नंतर जोडलेले. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “लिहा. पण बारीक लिहा.” बारीक लिहिलं. थरांची फाइल नातवाला दिली.

त्यावरून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले आहेत, तुम्हालाही देतो. हा फोटो कोणी पुरावा म्हणून वापरेल का? बातमी, अर्ज, विम्याचा दावा, जागेचा वाद, डॉक्टरांना दाखवायचा फोटो असेल तर जोडकाम नाही, अगदी सुंदर करण्यासाठीही नाही. दुसरा प्रश्न, ज्याला आणतोय किंवा काढतोय तो, किंवा त्याच्या मागची माणसं, हे बघून काय म्हणतील? समूहफोटोतून दुरावलेल्या सुनेला काढून टाकणं तांत्रिकदृष्ट्या मिटलेल्या डोळ्यांइतकंच सोपं आहे, म्हणून तर आधी विचारायचं. आणि तिसरा, बघणाऱ्याला कळलं की हे जोडलेलं आहे, तर चित्राचा अर्थ कोसळतो का? आईचे डोळे जोडलेत हे कळल्यावर कोणी फसवलं गेलं असं म्हणत नाही. सगळे हसतात. जे चित्र फक्त न सांगण्यावर उभं आहे, ते करू नये.

पुढच्या भाषणापर्यंत एक काम करा. घरातले एकाच प्रसंगाचे दोन फोटो घ्या आणि पहिला अभ्यास पूर्ण करा. खोडरबराला हात लावायचा नाही, फक्त मास्क. दोन्ही फाइली जपा, आणि नावातच लिहा की जोडलेलं आहे : ‘दिवाळी-जोडलेला’, एवढं पुरे. कागदावर छापलात तर मागे पेन्सिलीने तारीख, आणि कोणता भाग कुठून घेतला ते. अडलात तर नेहमीप्रमाणे लिहून विचारा, पुढच्या वेळी सुरुवात तुमच्या प्रश्नांपासून करू.